पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही

सगुणा गेल्याचं कळलं तेव्हा मी चंद्रपूरच्या माझ्या क्लासमध्ये एमबीए प्रवेशपरीक्षेची सराव चाचणी घेत होते. मुलं संगणकांवर वाकलेली, पडद्याच्या कोपऱ्यात वेळ कमी होत चाललेली. धानोऱ्याहून तिच्या भावाचा, मंगेशचा फोन आला म्हणून व्हरांड्यात गेले. "रेहानाताई, दीदी गेली," एवढंच तो बोलला, आणि मग पलीकडून बराच वेळ नुसत्या कोंबड्या ऐकू येत राहिल्या... मी परत आत येऊन बसले. चाचणी मध्येच थांबवता येत नाही. त्या शांत खोलीत मुलं पहिल्या फेरीचे प्रश्न वाचत होती आणि सोडून पुढे जात होती. असं सोडून देणं त्यांना मी शिकवलं होतं. मला तिनं.

सगुणा पोटावी धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. माझ्या अब्बांचं घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकच्या सीटकव्हरचं दुकान. पदवीनंतर याच परीक्षेसाठी आम्ही दोघी चंद्रपुरात एक खोली घेऊन राहिलो. तिला सिकलसेलचा आजार होता. थंडी लागली, पाणी पिणं कमी झालं, दगदग झाली की हाडांत कळा यायच्या. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि मी बोललेलं तिला आवडायचं नाही. कळ ओसरली की उठून केस बांधायची आणि पुस्तक जिथं मिटलं होतं तिथंच उघडायची.

माझी खोड वेगळी. अवघड गणित दिसलं की मला तो माझा अपमान वाटायचा. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, सोडलेल्या प्रश्नाला काही नाही, हे पाठ होतं. तरी एका प्रश्नाला धरून बसायचे आणि पुढचे सोपे तसेच राहायचे. एकदा ती शेजारी बसून बघत होती.

"त्याच्या मांगंमांगं काऊन जाऊन राह्यली तू?"

"येते मले हे. आता जवळ आलं."

"जवळ आलं असंच वाटते," ती म्हणाली. "आमच्याकडे जंगलात एकदाच हाक आली त ओ देत नाई. माणूस असन त दुसऱ्यांदा हाक मारन. पहिल्याच हाकेवर गेलेला वापस येत नाई."

मी हसले. ती हसली नाही. त्या दिवसापासून आमच्या दोन फेऱ्या ठरल्या. पहिल्या फेरीत वाचताक्षणी वाट दिसेल तेवढंच सोडवायचं. बाकीचं, कितीही खुणावलं तरी, सोडायचं. दुसऱ्या फेरीत तोच प्रश्न पुन्हा जमण्यासारखा वाटला तरच हात घालायचा. आणि अंदाजानं उत्तर ठोकायचं नाही.

परीक्षेचं केंद्र नागपूरला होतं. थंडीचे दिवस, आणि वर त्या हॉलमध्ये एसी. गणिताचा विभाग असा निघाला की आसपासची मुलं उसासे टाकू लागली. मी सगळं ठरवलेलं विसरले. सुरुवातीच्याच एका प्रश्नात अडकले, वेळ गेला, घाबरले, आणि शेवटी दिसेल तो पर्याय निवडत सुटले. बाजूच्या रांगेत सगुणा दिसत होती. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून, डोळे मिटून बसलेली. मला वाटलं, हिनं हार मानली.

बाहेर पायऱ्यांवर मुली रडत होत्या. सगुणा स्वेटरमध्ये मान घालून उन्हाची जागा शोधत होती.

"कळा येऊन राह्यल्या होत्या," ती म्हणाली. "माझे होते तेवढे केले, अन् बसून राह्यली."

"किती केले?"

"थोडेच. पण पेपरच तसा होता, रेहाना. आज ज्यानं जास्त केले, तो मेला."

तसंच झालं. पेपर इतका कठीण होता की तिची ती मोजकी, पण बरोबर उत्तरं तिला खूप वर घेऊन गेली. माझ्या चुकांनी माझे बरोबर आलेलेही खाल्ले. तिला लांबच्या मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला. शिकली, शहरात नोकरीला लागली, पण त्या थंडगार ऑफिसांत तिचं दुखणं वाढत गेलं. शेवटी परत आली आणि धानोऱ्यात बायांचा गट बांधून हिरड्या-मोहाचा व्यापार उभा केला. "वापस आली म्हून वाईट वाटून घेऊ नको," फोनवर म्हणाली होती. "मले इथीच करमते."

काही आठवड्यांनी मी धानोऱ्याला गेले. मंगेश अंगणातच भेटला. मी न विचारताच सांगू लागला. सकाळी तिच्या छातीत कळ आली होती. "मी गाडी काढली, ताई. दीदी म्हणे, थांब. एकदाच दुखलं. पुन्हा दुखलं त जाऊ." दुपारी पुन्हा दुखलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती राहिली नाही.

बोलून तो माझ्याकडे बघत राहिला, जणू याचं उत्तर माझ्याकडे असेल. परीक्षेत सोडलेल्या प्रश्नाचा गुण जात नाही, इथं... पण मग वाटतं, प्रत्येक कळेला ती दवाखान्यात पळाली असती तर त्या थंड हॉलमध्ये बसलीच नसती. कुठंच गेली नसती. इतक्या कळा तिनं अशाच जाऊ दिल्या होत्या. यातली कोणती खरी, हे तिला कसं कळावं? आता वर्गात "सोडा, पुढे जा" म्हणता म्हणता मी "सोडा"वरच थांबते. मुलं वर बघतात.

मंगेश मला गटाच्या गोदामात घेऊन गेला. बाया फरशीवर बसून हिरडा निवडत होत्या. हिवाळ्याचं ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि त्या उन्हात प्लास्टिकची एक रिकामी खुर्ची. सगुणा दिवसभर उन्हामागं खुर्ची सरकवत काम करायची, हे मंगेशनं हळूच सांगितलं. मी बायांजवळ बसले. ऊन सरकलं, खुर्चीचा अर्धा भाग सावलीत गेला. एक म्हातारी बाई गुडघ्यावर हात ठेवून उठली, तिनं खुर्ची उचलून पुन्हा उन्हात ठेवली. बाकीच्यांनी मान वर केली नाही. तिनं बैठकीवर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"गरम झाली," म्हणाली, आणि पुन्हा निवडायला बसली.