वहिनीची तार

आमची वहिनी प्रयोगशाळेत विजेचा प्रवाह मोजते. तोही केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या तारेतला. ही तार आतून वीज जाऊच देत नाही. इलेक्ट्रॉन वाहतात ते फक्त तिच्या पृष्ठभागावरून. हवासुद्धा गोठेल अशा थंडीत ते लाटांसारखे तारेला दोन्ही अंगांनी वळसा घालतात आणि पलीकडे एकमेकांत मिसळतात. मग चुंबकाचा जोर वाढवत नेला की प्रवाह ठरावीक अंतरानं कमीजास्त होतो. एवढं माझ्या डोक्यात शिरायला काही वर्षं गेली, तरी तिनं आशा सोडली नाही, हे तिचे उपकार.

एकदाचे ते नियमित चढउतार तिच्या आलेखावर उमटले. त्यावरचा तिचा लेख स्वीकारला गेला, त्याच्या जोरावर कायमची नोकरी जवळजवळ पक्की झाली. दादा दुसऱ्या शहरात नोकरीला. हिचं कायम झालं की तो तिकडचं सोडून येणार होता. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एका घरात राहणार, म्हणून आईनं त्यांची खोली रंगवूनही घेतली.

पण वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. तारेतल्या दोषांमुळेही प्रवाह वेडावाकडा हलतो आणि कधी योगायोगानं तेही नियमित दिसतं. खरं-खोटं करायचं तर तार गरम करून पुन्हा थंड करायची. दोष जागा बदलतात, आलेखावरची त्यांची नक्षी बदलते; खरे चढउतार मात्र तेवढ्याच अंतरानं परत येतात. हे तिच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. तिचे सर म्हणाले, नसती उठाठेव कशाला. मीही तेच म्हणालो, जरा चढ्याच आवाजात.

तिनं तार गरम केली, थंड केली, पुन्हा एकदा तेच केलं. ते चढउतार परत आले नाहीत. तिनं स्वतःहून लेख मागे घेतला आणि नोकरी दुसऱ्याला मिळाली. मला इतका संताप आला की आठवडाभर मी तिच्याशी धड बोललो नाही.

रविवारी दादा आला. जेवणं झाल्यावर तीच त्याला म्हणाली, "राग आला असेल तर बोल. गप्प बसू नकोस."

"राग नाही. वाईट वाटतंय, खूप वाटतंय." मग त्यानं विचारलं, "गरम केली नसतीस, तर झोप लागली असती तुला?"

"नसती लागली."

"मग नुसता इथं येऊन मी काय केलं असतं?"

वहिनी रडली. सोमवारी सकाळी दादा परत गेला.