तीन वर्षं बॅगेत राहिलेलं पत्र

पुलगाव स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात आईने तीन पिशव्या, एक उशी, सातूचं पीठ आणि मला, असं सगळं गाडीत कोंबलं होतं. "काऊन रडून राह्यली व? पुण्यालेच तर चालली," असं मला रागावत स्वतःच पदराने डोळे पुसत होती. बाबा खिडकीशी उभे होते. गाडी हलायच्या बेताला त्यांनी खिशातून एक चिकटवलेलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "पयल्याच रविवारी पाळकसायबाच्या हाती देजो," एवढंच म्हणाले.

आम्हा ख्रिस्ती लोकांत गाव सोडणाऱ्याला असं पत्र मिळतं. जुन्या चर्चने नव्या चर्चला लिहिलेलं, की ही आमची सभासद आता तुमच्याकडे येते आहे, तिला सामावून घ्या. आमच्या छोट्याशा चर्चचे चिटणीस बाबाच. शाळेत मास्तर होते, अक्षर सुरेख, म्हणून सभासदांची वहीही त्यांच्याकडे. कोणी गाव सोडलं की बाबा पत्र लिहीत, पाळक सही करत, आणि पत्र नव्या चर्चला पोचलं की वहीतल्या त्या नावावर बाबा पट्टी धरून लाल रेघ मारत. लहानपणी शेजारी बसून मी ते कितीदा पाहिलं आहे. रेघ मारून झाली की पेनाला टोपण लावून ते त्या नावावरून एकदा बोट फिरवत. आपलं पुलगाव सोडून पुण्याला, नागपूरला, दुबईला गेलेल्या तुम्हा लोकांच्या रेघा आहेत त्या वहीत. कधी आलात तर बघा.

म्हणून मी पत्र दिलंच नाही. माझा हिशेब बावळट होता, पण पक्का होता: पाकीट बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात आहे तोवर तिकडे माझ्या नावावर रेघ नाही.

पुण्यात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. पीजीत तिघींत एक कपाट, शिफ्ट, गाळलेली जेवणं. रविवारी मात्र मराठी उपासनेला जायचे. शेवटच्या बाकावर बसायचं, आशीर्वाद झाला की चप्पल घालून पसार. पुलगावात बाबा पेटी वाजवायचे आणि मी पहिल्या रांगेत गळा काढून गायचे. इथे इतकी माणसं, इतके पंखे, माइक. माझी छातीच होईना.

चौथ्या की पाचव्या रविवारी एक उंच, सावळा मुलगा दारातच आडवा आला. हा सॅम्युएल. नगरकडचा, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला, आणि चर्चमध्ये गाणाऱ्यांचा म्होरक्या. म्हणाला, "तिथं बसून तुमचा आवाज फक्त भिंतीला ऐकू जातो. पुढं या." मी म्हटलं, "बघते." पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटी वैतागून मी म्हणाले, "काऊन मागे लागून राह्यले तुम्ही?" त्यावर तो असा हसला की मी पुढे जाऊन बसलेच.

या माणसाचं कौतुक मी त्याच्यासमोर करत नाही, डोक्यात जाईल. इथे करते. उपासनेला येताना तो स्कूटरवरून एका म्हाताऱ्या बाईंना आणायचा. त्या पूर्ण रस्ताभर त्याच्या गाडी चालवण्याला नावं ठेवायच्या, आणि हा "हो आजी, चुकलंच" म्हणत त्यांना हाताला धरून पायऱ्या चढवायचा. मला ताप आला तेव्हा पीजीच्या फाटकावर डबा ठेवून न भेटताच गेला. नाताळच्या गाण्यांच्या फेरीत, दोन घरांच्या मधल्या रस्त्यावर, त्याने विचारलं, "तुमच्या बाबांना मी पत्र लिहू का?" फोन नाही, पत्र. माझ्या बाबांचा स्वभाव त्याने माझ्या बोलण्यावरून ओळखला होता. मी हो म्हटलं.

बाबांचं उत्तर आलं, साखरपुडा पुलगावला ठरला. आता लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं चर्चमध्ये वाचतात, कोणाची हरकत असल्यास सांगा म्हणून. पुण्याच्या पाळकांनी त्यासाठी सभासदांची वही उघडली आणि माझं नावच सापडेना. "तुमचं पत्र कुठे आहे?" मी बॅगेतून ते मळकं पाकीट काढून पुढे ठेवलं. तीन वर्षं. सॅम्युएल माझ्याकडे बघतच राहिला.

पाळकांनी फोडून मोठ्याने वाचलं. बाबांनी नेहमीच्या मजकुराखाली आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या: 'मुलगी गाते चांगली, पण नव्या ठिकाणी मागच्या बाकावर बसेल. कृपया तिला पुढे आणावे.' पाळक सॅम्युएलकडे बघून हसायला लागले. त्याचे कान लाल झाले होते. मी मात्र तिथेच बसून रडले.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. पत्र दिलं नव्हतं, एवढं एका दमात सांगून टाकलं.

"मले मालूम हाये," बाबा म्हणाले. "पत्र भेटलं की तिकून पोच येते. तुह्या पत्राची आलीच नाई."

"मंग विचारलं काऊन नाई?"

"तू सांगशीन म्हनून वाट पाहून राह्यलो होतो. पोच आल्याबिगर मी कोनाचं नाव कापत नाई."

म्हणजे मी इकडे कप्प्यात नाव राखत होते, आणि ते तिकडे वहीत. मला वाटत होतं मीच काय ती हुशार.

ती पोच आम्ही टपालाने पाठवली नाही, साखरपुड्याला हातानेच नेली. अंगठ्या झाल्या, बायबलं दिली-घेतली, आईने सॅम्युएलला आग्रह करकरून वाढलं. चार पुरणपोळ्यांनंतर तो आमच्या बोलीत "आता मले नोको" म्हणाला, तशी सगळी मावशीमंडळी खूष. पाहुणे पांगल्यावर बाबांनी चष्मा लावला, पोच दोनदा वाचली आणि वही काढली. सॅम्युएल न सांगता त्यांच्याशेजारी बसला आणि पट्टीचं एक टोक त्याने धरलं. बाबांनी लाल रेघ मारली. शेवटच्या रकान्यात ते सगळ्यांसाठी 'बदली' लिहितात. माझ्यापुढे लिहिलं, 'सुखरूप पोहोचली.'

आता माझं नाव पुण्याच्या वहीत आहे, सॅम्युएलच्या खालोखाल. घर कुठलं विचारलं तर मी पुणं सांगते, आणि मग लगेच पुलगावही सांगते. तुम्ही त्या वहीतल्या आपापल्या रेघा बघायला जाल तेव्हा माझीही बघा. दोघांनी पट्टी धरली होती, तरी ती वाकडी आली आहे.