राणीचा हात

फर्दापूरच्या त्या चित्रकाराचा मला आजही राग आहे. तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला काढतो आणि शहरातल्या माझ्या दुकानात मी त्या विकतो. मेंढरांमागून उठून मी हे दुकान उभं केलं. त्यात त्याच्या हाताचा वाटा मोठा आहे, पण हे मी त्याच्यासमोर कधी बोललो नाही. बोललो असतो तर भाव वाढवला असता त्याने.

लेण्यांत जागोजागी गिलावा पडलाय. कुणाचा खांदा गेला, कुणाचं पाऊल. नकला काढणारे तेवढी जागा आपल्या मनाने भरतात, कारण गिऱ्हाइकाला चित्र अख्खं लागतं. या चित्रकाराला मी मामा म्हणतो; तो त्यात सगळ्यांत तयार. म्हातारपणी मात्र त्याने भरणं सोडलं. एका हॉटेलच्या दर्शनी भिंतीसाठी मी शब्द देऊन बसलो होतो आणि त्याने लेण्यातल्या राणीची नक्कल पाठवली ती डाव्या हाताशिवाय. लेण्यात तिथला गिलावा पडलाय, म्हणून तिथं नुसता मातकट रंग.

माझ्याकडे त्याचीच तीस वर्षांपूर्वीची राणी होती. कितीही मागणी आली तरी मी ती विकली नव्हती. दोन्ही गाडीत घातल्या आणि त्याच्या ओट्यावर शेजारी शेजारी लावल्या.

“मामा, असं यायचं तुम्हाला. आता जमत नसंल तर तसं सांगा.”

तो जुन्या चित्राजवळ वाकला. “हा हात हिचा हाय,” चहा घेऊन आलेल्या मामीकडे बघत तो म्हणाला. “तवा मला दुसरा हात दिसतच नव्हता.”

“मग आता बी तोच घाला.”

“लई बघितला तो हात, शेठ. भाकरी थापताना, धार काढताना. तो हिचाच. राणीचा कसा होता, मला ठाव नाय.”

“राणीनं शेण उचललं असंल व्हय कधी?” मामी हसली.

मी भडकलो. दुसऱ्याकडून तासाभरात हात काढून घेईन म्हणालो.

“घ्या की. खाली माझी सही हाय, तेवढी पुसायला सांगा.”

ते माझ्याच्याने झालं नाही. शब्द पाळायला जुनी राणी हॉटेलला द्यावी लागली. मालक खूश झाला, हाताचं तर फार कौतुक केलं त्याने. मला ते ऐकवेना.

बिनहाताची आता माझ्या गारखेड्याच्या घरी आहे. पाहुणे विचारतात, चित्र अर्धवट का ठेवलं? माझं डोकं सणकतं. “अर्धवट कुठंय? राणीचा हात तुम्ही बघितलाय का?” म्हणून मी त्यांच्याशी भांडतो.