यादी कोरी कोणी केली?

हातकडी कोणाला घालायची हेच न कळलेली ती घटना आजही आठवते. शिरूर कासारला मी ठाण्याचा प्रभारी होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी एका संस्थेचं हंगामी वसतिगृह होतं. प्रवेशाची यादी संस्थेच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल अशी असे. टोळ्या निघायच्या आठवड्यात एका सकाळी ती यादी कोरी दिसली. अध्यक्षांचा तक्रार अर्ज आला.

दुपारपर्यंत टीपही आली. संस्थेचा वॉचमन टपरीवर माझ्या शिपायाला म्हणाला, "ऑपरेटर बाईचंच काम हाय. परवा अध्यक्षासंगं लई भांडली ती."

ती बाई संस्थेत संगणकावर यादी भरायची, त्या नोकरीवर तिचं घर चालत होतं. गुन्हा दाखल झाला असता तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. बाईमाणसाचा जबाब घरी जाऊन घ्यायचा, हा नियम मला पाठ होता. तरी घाईत मी तिला ठाण्यात आणलं. शेजारी महिला हवालदार बसवली.

"पासवर्ड कुणाला ठाऊक?"

"मला अन् अध्यक्षाला."

"मग नावं कुणी काढली?"

"सायेब, माज्या भाचीचंबी नाव गेलंय. मी कावून काढीन?"

ती रडली नाही, माझ्यावर चिडली. खोटं बोलणारा माणूस सहसा साहेबाशी गोड बोलतो. शिवाय खुन्नस काढणारा नावं निवडून उडवतो, इथे निवडच नव्हती. माझा संशय ओसरला आणि कुतूहल वाढलं.

बीडहून सायबर शाखेचा हवालदार बोलावला. त्याने सर्व्हरच्या नोंदी काढल्या. पहिलं नाव, दुसरं, तिसरं, असं ओळीनं शेवटपर्यंत, दोन-दोन सेकंदांनी एकेक नाव गेलं होतं. त्या वेळेत कोणी पासवर्ड टाकून आतही आलेलं नव्हतं.

"साहेब, हे माणसाचं बोट न्हाई," तो म्हणाला.

वेबसाइट बनवणारा इंजिनिअर परळीचा. तो ठाम होता. "'नाव काढा' ही लिंक लोकाला दिसतच न्हाई. मी लपवलीय."

"डोळ्यापासून लपवली. पानात हाय ना?" हवालदाराने विचारलं. इंजिनिअरने पान उघडून पाहिलं, लिंक तिथेच होती.

नोंदींतला पत्ता एका सर्च इंजिनचा निघाला, मग मला उलगडा झाला. सर्च इंजिनचा प्रोग्राम आपोआप वेबसाइट वाचत फिरतो आणि सापडेल ती लिंक उघडतो. इथे लिंक उघडली की नाव डेटाबेसमधून कायमचं जायचं. पासवर्ड फक्त ऑपरेटरच्या लॉगिन पानावर होता, नाव काढताना 'तू कोण' असं कोणी विचारतच नव्हतं. पंचांसमोर एक खोटं नाव घातलं, माझ्या टेबलावरून पासवर्डशिवाय लिंक उघडली, आणि नाव गेलं! मी बघतच राहिलो.

स्टेशन डायरीत चुकलेल्या ओळीवर आडवी रेघ मारून सही करतात, खालचं वाचता आलं पाहिजे. इंजिनिअरला मी तेच सांगितलं. नाव पुसू नका, काढल्याची खूण करा, कोणी काढलं ते लिहा, आणि प्रत्येक वेळी ओळख विचारा. कागदी अर्जांवरून यादी पुन्हा भरली आणि सगळ्या मुलांना प्रवेश मिळाला.

बाईंना म्हणालो, "ताई, तुमच्यावर काही नाही. गाडीनं सोडतो."

"गाडीनंच आणलं ना सायेब? सगळ्या गल्लीनं बघितलं. आता चालत या, अन् सांगा त्यास्नी."

मी वर्दीत तिच्यासोबत चालत गेलो. दारोदार थांबून सांगितलं, चूक आमची होती. मला मनापासून लाज वाटत होती. काहींनी मान डोलावली, काहींनी नुसतं ऐकून घेतलं.

त्यानंतर कोणालाही ठाण्यात आणण्याआधी, हे माणसाच्या हाताशिवाय घडलं असेल का, असं मी स्वतःला विचारू लागलो. मुलांची नावं एका दिवसात परत आली. गल्लीत तिचं नाव पूर्ण परत आलं का, हे मला आजही ठाऊक नाही.