अकरा नंबरमधली तिसरी कॉट

दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वासात वाजता, रत्नागिरीतल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात अकरा नंबरच्या खोलीत तिसरी कॉट ढकलण्यात आली आणि माझ्या रूममेटवर अन्याय झाला. पत्रकं लिहून लिहून मला सगळं नावानिशी लिहायची सवय लागली आहे, पण तिचं नाव लिहिणार नाही, कारण तिने बजावलंय, "माझं नाव छापलंस तर बघ गो!" म्हणून एवढंच सांगते, की या पृथ्वीवर सगळ्यात कमी जागा घेऊन राहणारी व्यक्ती मी पाहिली आहे. तिच्याबरोबर मी दीड वर्ष काढलं आणि तेवढ्या काळात तिच्या तोंडून "सरक" हा शब्द मी एकदाही ऐकला नाही.

मी सावर्ड्याची. घराला पुढे अंगण, मागे परसू, आणि झोपायला पडवीभर जागा. झोपेत मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळत जाते, हे मला वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात दोनदा कॉटवरून पडल्यावर कळलं. खोली दहा बाय नऊ. दोन कॉट, एक टेबल, एक खिडकी, आणि दार उघडलं की ते माझ्या कॉटला आपटून अर्ध्यावर थांबायचं. पहिल्या दिवशी मी सामान घेऊन उंबऱ्यात उभी राहिले आणि ओरडले, "ही खोली आहे? हे तर कपाट आहे!" आतून शांत आवाज आला, "मग आत ये नि दार लाव. कपाट उघडं ठेवत नाय कोण."

तिचे अब्बा मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे ज्याच्या हुकमावर बोट चालते तो माणूस. घर अंजनवेलच्या बाजूला, खाडीकाठी. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की घरची छोटी होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारायची, आणि मग घरातली सातही मुलं त्या झावळ्यांखाली संसार मांडायची. भातुकली तिथे, पाढे तिथे, भांडणंही तिथेच. होडीत राहायचे अब्बांचे नियम होते आणि तेच आमच्या खोलीला लागू झाले. खाली काही ठेवायचं नाही. टांगता येईल ते टांगायचं. टांगता येत नसेल ते घरी पाठवायचं. तिने येताना हिरव्या नायलॉनच्या दोरीचं एक भेंडोळं आणलं होतं आणि त्या दोरीवर बादली, छत्री, पुस्तकं, चपला, कांदे असं सगळं छताखाली लटकत असे. एकदा आंघोळ करून आले तर माझी उशी गायब.

"माझी उशी कुठाय?"

"वर बघ."

उशी पंख्यापासून हातभर अंतरावर झुलत होती. तिने भिंतीवरची दोरी एका बोटाने ओढली आणि उशी अलगद माझ्या मांडीत उतरली. तीच गाठ मी सोडायला गेले की अशी आवळायची की शेवटी कात्री मागावी लागे. कात्रीही टांगलेलीच. तिच्या हिशोबात खोलीत एका वेळी एकीनेच हलायचं. "आधी तू वळ, मग मी उठते," असं ती मला इतक्या वेळा म्हणाली, की मी सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला म्हटलं, "आधी तू वळ." आई म्हणाली, "अगो, एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात मी कशाला वळू?"

जेवण पुरलं का, जागा पुरते का, पांघरूण पुरतं का, कशालाही तिचं उत्तर ठरलेलं: "पुरते गो." मला त्या शब्दाचा संताप यायचा. मी म्हणायचे, "तुझ्यासारख्या माणसांमुळेच अन्याय चालतो!" ती म्हणायची, "बरं. पाय वर घे, झाडू मारते."

मग दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राच्या अखेरीस संस्थेने घाट घातला, की दोघींच्या खोलीत तिघी ठेवायच्या. तळमजल्यावर दोन मोठ्या खोल्या मोडक्या बाकांनी भरून कुलपात पडल्या आहेत, त्या उघडायच्या सोडून! मी पेटले. रातोरात पत्रक तयार: 'आम्ही मुली आहोत, बरणीतलं लोणचं नाही!' फलक रंगवले, सह्या घेतल्या, आणि संस्थेच्या पाहणी समितीला आमचीच खोली दाखवायची असा हट्ट धरला. त्या दिवशी सकाळी मी सगळं सामान दोरीवरून उतरवून खोलीभर पसरलं. बादली दारात, सुटकेस कॉटवर, फलक टेबलावर. मुंगीला वाट मिळू नये असा बंदोबस्त करून मी समितीला आणायला खाली गेले. जिना चढताना भाषणही ठोकलं. "सर, पाय ठेवायला जागा सापडली तर मला सांगा!"

दार उघडलं ते पार भिंतीपर्यंत. दीड वर्षात पहिल्यांदा. कारण माझी कॉट सरकवलेली होती. दोन्ही कॉटवर धुतलेल्या चादरी, खाली स्वच्छ फरशी, आणि भिंतीशी दोरीने टांगलेली तिची अभ्यासाची फळी खाली सोडून तिच्यावर नारळाच्या वड्यांची बशी. ती डोक्यावरची ओढणी सावरत म्हणाली, "या, बसा ना सर."

चार माणसं बसली. ऐसपैस बसली. एकाने तर मांडी घातली. "वा! इथे तीन जणी आरामात मावतील की!" असं म्हणून त्या गृहस्थांनी दुसरी वडी उचलली.

ते गेल्यावर मी कडाडले, "तू माझी चळवळ दोरीला टांगलीस!"

"अगो, पावणे येणार आणि खोली तशी? अब्बांना कळलं असतं तर?" तिचा चेहरा एवढासा झाला होता. "चुकलं माझं. वडी तरी खा."

वडी चांगली होती. मी रागाने चार खाल्ल्या.

तिसरी कॉट बसली ती नेमकी फळीच्या भिंतीला. संगमेश्वराकडची पहिल्या वर्षाची घाबरलेली मुलगी तिच्यावर बसली, आणि माझ्या रूममेटने तिला बादली टांगायला दोरी कापून दिली. संध्याकाळपर्यंत स्वतःची फळी सोडून गुंडाळूनही ठेवली. "आणि अभ्यास कुठे करणार?" मी विचारलं. "जिना हाय ना." महिनाभर ती जिन्यात बसून रसायनशास्त्र वाचत होती. मग रेक्टर मॅडमनी सांगितलं, जिन्यात बसायचं नाही, येण्याजाण्याला अडचण होते. त्याच आठवड्यात तिने सामान आवरलं. दहा मिनिटं लागली, एक पिशवी झाली. गावातल्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, ती राहायला गेली. दोन खोल्या, आठ माणसं.

"तिथे जागा आहे तुला?"

"पुरते गो."

मी दात-ओठ खात नवं पत्रक लिहायला घेतलं. लाल रंग शोधत होते. तो टेबलावर होता, पत्रकांच्या गठ्ठ्यामागे, फलकांच्या खाली. ते टेबल दोघींचं होतं. तिच्या अर्ध्या भागावर दीड वर्ष माझे गठ्ठे होते, म्हणून तिने भिंतीला फळी टांगली होती. तिच्या कॉटखाली माझ्या दोन सुटकेस होत्या, तिच्या खिळ्यावर माझा रेनकोट. संस्थेने तिची भिंत घेतली, ती शेवटी. बाकीची खोली मी आधीच घेतली होती, जागेच्या हक्काची पत्रकं ठेवायला. ती जिन्यात बसायला निघाली तेव्हा टेबल तिथेच होतं. तिला तिथे बस म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही.

मी टेबल मोकळं केलं आणि खालाच्या घरी गेले. ती उंबऱ्याशी पाय दुमडून वाचत बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर गुडघे आत घेत होती, पुस्तकातून नजर न काढता. मी सांगितलं, टेबल रिकामं आहे, चल. ती हसली. "आता त्या नव्या पोरीला बसव तिकडे. माझी परीक्षा इथनं होईल. तू ती खालची कुलपं उघडून घे, मग येते." आणि दुमडलेले पाय आणखी दुमडून तिने मला बसायला जागा केली.

कुलपांसाठीचा अर्ज मी दिला आहे, आणि ती उघडेपर्यंत मी गप्प बसणार नाही. जाण्याच्या दिवशी सकाळी तिने टांगलेली माझी उशी अजून छतालाच आहे. ती गाठ मला सुटत नाही, आणि कात्री लावावीशी वाटत नाही.

पण हे वाचणाऱ्या तुमच्याकडे माझी मागणी वेगळी आहे. तुमच्या घरात, खोलीत, कचेरीत कोणीतरी अंग चोरून बसलेलं आहे. आज जाऊन ते कोण आहे ते बघा. जागा पुरते का, असं विचारू नका. उत्तर मला माहीत आहे. आधी सरका.