वागिरामावशीचा पहिला घोट

इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या गल्लीबोळांत वागिरामावशी पाठीशी टोपली बांधून जामू विकायची. आलं, हळद आणि किराईत उकळून केलेला तो काढा म्हणजे कडूजहर प्रकरण. कुणी तोंड वाकडं केलं की मावशी खेकसायची, "नाक दाबायचं नाही! काढ्याचा गुण पळतो. मला बघा, कधी साधी शिंक नाही!"

आणि एका सकाळी नेमकी नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या सुमिनाच्या दारात तिला अशी शिंक आली, की टोपलीतल्या बाटल्या किणकिणल्या.

"हळद गेली गं नाकात," मावशी म्हणाली.

"हळद कसली? अंगात वारं शिरलंय तुझ्या!" सुमिनानं तिला आत नेलं, पाठीला तेल चोळलं आणि वारं बाहेर काढायला नाण्याच्या कडेनं पाठ खरवडायला घेतली. लालभडक पट्टे उठले; पट्टा जितका लाल, तितकं वारं जास्त.

"बाई बाई, केवढं हे वारं!" शेजारीण प्रियातीन म्हणाली. "लेकाच्या मोटारसायकलवर आणखी मिरव!"

मावशीनं दणदणीत ढेकर दिला.

"निघालं!" दोघी एका सुरात ओरडल्या.

मग सुमिनानं मावशीच्याच बाटलीतून पेला भरला. मावशी मागे सरकली. "मला कशाला?"

"पी मुकाट्यानं. आणि नाक दाबायचं नाही!"

पहिल्याच घोटाला मावशीचे डोळे पांढरे झाले. "अगं आई गं! हे विष तुम्ही इतकी वर्षं पिता तरी कशा?"

दोघी बघतच राहिल्या. "म्हणजे तू कधी प्यायलीच नाहीस?"

"मी कशाला पिऊ?" मावशी फणकारली. "मला कधी सर्दी झाली होती?"