मामाने दाखवलेली खोली

कार्तिकातला दुसरा रविवार, सकाळ, राजुरी. हजर: मी, आमचे हे, दीर, जाऊ आणि जावेचा भाऊ. गैरहजर: ज्याच्यासाठी जमलो तो, दिरांचा मुलगा. तो आखातात, बांधकामावर.

त्याला तिकडे पाठवलं ते जावेच्या भावाने, म्हणजे त्याच्या सख्ख्या मामाने. परदेशी नोकऱ्या लावून देण्याचं त्याचं ऑफिस आळेफाट्यावर आहे.

आमच्याकडे मुलींसाठी स्थळं पाहायचं काम माझ्याकडे असतं. मी बैठकीत चहा पीत बसत नाही. आधी मोरी पाहते, पिण्याचं पाणी कुठून येतं ते विचारते, आणि परतताना दोन शेजाऱ्यांकडे चौकशी करते. पुतण्या जायचा ठरला तेव्हाही मी तेच विचारू लागले, तर मामा हसला.

"वैनी, पोरगी देताय व्हय? पोरगं नोकरीला चाललंय."

"राहणार ना तिथं? मग मोरी दाखवा."

त्याने तिकडच्या माणसाला व्हिडिओ कॉल लावला. चार खाटा, एसी, फ्रिज, स्वच्छ मोरी, नळाला पाणी. राहिली ती शेजारची चौकशी. आळे गावचा एक मुलगा त्याच कंपनीतून नुकताच परतला होता. त्याला गाठू या, असं मी म्हणाले, तर जावेचा चेहरा उतरला. "माझ्या भावामागं चौकशी करणार?" लग्नात मुलाच्या पाठीशी उभा राहतो तो मामा. त्याच्यामागे चौकशी कोण करतं? विषय तिथेच संपला.

पुतण्याचे फोन यायचे ते कायम बाहेरून, मागे पत्र्याची भिंत. खोली दाखव म्हटलं की म्हणायचा, "आत रेंज न्हाई, मोठी आई." दिवाळीत त्याचा खोकला थांबेना तेव्हा मी हट्टच धरला. तो आत गेला. एकावर एक तीन-तीन खाटा, मधून अंग चोरून जावं एवढीच वाट. दोरीवर ओले कपडे, खिडकीला पुठ्ठा ठोकलेला. कोपऱ्यात शेगडी आणि तिला लागूनच संडासाचं दार. झोपलेलं कुणीतरी त्याच्यावर ओरडलं, तसा तो बाहेर आला.

"आईला सांगू नको," म्हणाला. मी सांगितलं. म्हणून ही बैठक.

दिरांनी विचारलं, "पावणं, आमाला दाखवली ती खोली कुणाची व्हती?"

मामा चहात बिस्कीट बुडवत होता. "सायबाची. समद्यांना तीच दाखवत्यात, दाजी."

"समद्यांना? आरं, ह्यो तुझा भाचा हाय!"

"म्हनून तर. ताईला झोप लागावी म्हनून. खरी दाखवली असती तर सोडलं असतं का तुमी?"

"न्हाई."

"मग? मी सोता तसल्याच खोलीत राहिलोय. मेलो का?"

आमचे हे फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, "तू राहिलास म्हणूनच तुला विचारलं व्हतं."

मामाने कप खाली ठेवला. आठवड्यात खोली बदलून देतो म्हणाला.

अशी तक्रार सरकारकडे ऑनलाइन करता येते, हे मी आधीच शोधून ठेवलं होतं. करारात राहण्याची सोय लिहिलेली आहे, त्याची प्रत जोडली होती. पुतण्याकडून खोलीचे फोटो मागवले होते. अर्जात भरायचं राहिलं होतं ते पाठवणाऱ्या एजंटचं, म्हणजे मामाचं नाव. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

जाऊ माझ्याकडे वळली. "ताई, माझ्या भावाला पोलिसात देणार?"

"तुझ्या पोराला त्या खोलीतून काढणार."

"पोरगं माझं हाय. मी बगते." आणि तिने भावाच्या कपात आणखी चहा ओतला.

मामाचं मला वाईट वाटलं, पण त्या चहाचं जास्त. फोनवर खोकला ऐकून रडली होती ती हीच.

त्या बैठकीला आता पंधरवडा होऊन गेला. खोली बदललेली नाही. मामा माझा फोन उचलत नाही. पुतण्या म्हणतो, आई हो म्हणाली तरच पाठव. काल खोकल्याने त्याला धड एक वाक्य बोलता येत नव्हतं. जाऊ कांदा लावायला गेली आहे. ती आली की पुन्हा विचारायचं आहे. अर्ज अजून पाठवायचा आहे.